हरभऱ्याखालची गाडवाट

माझी नात दीक्षा रस्त्यात जे कोणी दिसंल त्याच्यासाठी गाडी थांबवते. म्हातारं काठी टेकत आलं, गाडी थांबली. शेळी आडवी आली, गाडी थांबली. आमच्या आळीतली एक बाई नुसता पदर सावरायला कडंला उभी राहिली, तर ही काचेतून तिला हातानं ‘जा, जा’ करून राहिली. त्या बाईला वाटलं हाकलूनच राहिली. ती उलट्या पावली घरात गेली अन् संध्याकाळी मला विचारायला आली, “भागूआक्का, माझं काही चुकलं का?”

हॉर्नचं तर बोलूच नका. गाडीला हॉर्न हाय, चांगला मोठा हाय, पण ही वाजवत न्हाई. मी म्हणलं, “काहून वाजवत न्हाईस गं?”

म्हणते, “आजी, आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं असतं.”

मी म्हणलं, “आमच्याकडं हॉर्न म्हंजे जय भीम हाय. न्हाई घातला तर लोकं म्हणतात, मोठी शहाणी लागून गेली, बघितलं बी न्हाई.”

हसली, पण वाजवला न्हाई. वरून मला पट्ट्यानं बांधलं. सत्तरी उलटली माझी. सासऱ्यानं बांधलं न्हाई, नवऱ्यानं बांधलं न्हाई, ते नातीनं बांधलं.

दीक्षा माझ्या थोरल्याची, रत्नपालची पोरगी. रत्नपाल शिकून कॅनडात गेला तो तिथलाच झाला, अन् ही तिथंच जन्मली. मराठी बोलते, पण रेडिओवरच्या बाईसारखी. नाताळाच्या सुट्टीत एकटीच आली. नांदेडात उतरली, तिथं गाडी भाड्यानं घेतली अन् स्वतः चालवत दारात आली. तिच्या मुलखात रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, आपल्याकडं डाव्या. गाडीतली बटणं बी तिला उलटी. वळायचं म्हणलं की तिचा हात सवयीनं भलत्याच दांडीवर जातो अन् कोरड्या ठाक उन्हात काचेवर वायपर फिरायला लागतात. गावातली लेकरं तेवढं बघायला वळणावर येऊन उभी राहतात. ती उभी राहिली की ही परत थांबते.

धाकटा रविंद्र माझ्याजवळ असतो. तो म्हणला, “माय, ही पोरगी कुठं तरी धडकंल. मी एखादा ड्रायव्हर बसवून देतो.”

“तुला धडकली का?”

“अजून न्हाई.”

“मंग गप बस.”

कारण मला त्या गाडीचं काम होतं. माझं मागचं रान हाय, त्यात हळद उभी हाय. त्या रानाच्या पुढं मुंजाजीचं रान. मुंजा म्हंजे माझ्या चुलत दिराचा पोरगा, मला काकी म्हणतो. दोन्ही रानं पूर्वी एकच होती. आमचे हे अन् मुंजाचा बाप, त्याला सगळे दादा म्हणायचे, या दोघांनी वाटणी केली तवा मागच्या रानाला जायला मधून गाडवाट ठेवली, भरली बैलगाडी जाईल एवढी रुंद. माझी सारी हयात त्या वाटेनं गेली. औंदा उन्हाळ्यात मुंजानं ती नांगरली, अन् थंडीच्या तोंडाला तिच्यावर हरभरा पेरला. म्हणतो, वाट नव्हतीच, तुमी धुऱ्यावरून, बांधावरून जा.

आता तुमीच सांगा. हळद काय गजरा हाय, केसांत माळून धुऱ्यावरून आणायला? ती खणायची, रानातच शिजवायची, वाळवायची. शिजवायची ती लोखंडी टाकी ट्रॅक्टरमागं ओढून न्यावी लागते. वाट न्हाई तर टाकी न्हाई, टाकी न्हाई तर हळद जमिनीतच नासणार. रविंद्र म्हणला, “जाऊ दे माय, मुंजाला मी समजावतो.”

“कधी? नासल्यावर?”

“भावकीत कचेरी कशाला करायची?”

“भावकीनं वाट नांगरली तवा तुझी भावकी कुठं होती?”

त्याला पंचायतीला उभं राहायचं हाय अन् मुंजाच्या घरात मतं हायत, हे मला कळत न्हाई असं त्याला वाटतं. मी माझ्या हिमतीवर अर्ज दिला. अर्जावर सर्कल सायब, म्हंजे तलाठ्याच्या वरचा, त्यानं येऊन जागा बघायची असते. आपल्याकडं रीत अशी, की ज्याचं काम त्यानं सायबाला गाडी करून आणायचं. एक तारीख ठरली तवा रविंद्र म्हणला मी गाडी करतो, अन् केली न्हाई. म्हणला इसरलो. पोटच्या पोराला काय म्हणावं? दुसरी तारीख घेतली अन् तिची वाट बघत बसले. त्यात ही पोरगी दारात गाडी घेऊन आली.

“दीक्षा, उद्या गाडी मला पायजे. हिंगोलीहून एक माणूस आणायचा हाय.”

“कोण, आजी?”

“सरकार.”

सकाळी निघालो. आमच्या गावातून कनेरगाव नाक्याला आलो की हिंगोलीचा मोठा रस्ता लागतो. नाक्यावर दोन बाया अन् एक पोतंवाला माणूस उभे होते. त्यांनी हात केला. दीक्षाला वाटलं रस्ता ओलांडायचा हाय. थांबली. तर त्यांनी दार उघडलं अन् बसले! एक बाई माझ्या मांडीवर अर्धी, पोतं माझ्या पायावर.

“आजी,” दीक्षा हळूच म्हणली, “हे कोण आहेत?”

“मला काय इचारतीस? तूच थांबवली गाडी.”

पोतंवाला पुढं वाकून म्हणला, “चला ड्रायव्हरबाई. सीट भरलं ना आता.”

मंग माझ्या ध्यानात आलं. भाड्यानं स्वतः चालवायच्या गाडीला पाटी काळी असते अन् आकडे पिवळे. आमच्याकडं सीट भरून चालते त्या जीपला काळी-पिवळीच म्हणतात. लोकांनी पाटीतला काळा-पिवळा रंग बघितला, हात केला, गाडी थांबली. त्यांचं काय चुकलं? जी हात केल्यावर थांबते ती काळी-पिवळी.

मी म्हणणार होते उतरा म्हणून, पण दीक्षा मागं वळून म्हणली, “सगळ्यांनी पट्टे लावा, प्लीज.” अन् त्या बाया एकमेकीकडं बघत पट्टे शोधायला लागल्या. हिंगोलीत उतरताना पोतंवाला भाडं द्यायला लागला, हिनं घेतलं न्हाई, हात जोडून “थँक्यू” म्हणली. तो बिचारा रस्त्यातच उभा राहिला. “इतकी वर्षं काळी-पिवळीत बसतो बाई, थँक्यू कधी मिळालं न्हाई.”

सर्कल सायब, विजयकुमार नाव त्याचं, तरणा माणूस, पायात नवे बूट. गाडीकडं बघितलं, दीक्षाकडं बघितलं.

“ह्या चालवणार?”

“व्हय. कॅनडात चालवते ती.”

“कॅनडात ठीक आहे हो, काकू,” असं म्हणत पुढं बसला, अन् दाराच्या वरचं ते धरायचं असतं ना, ते दोन्ही हातांनी धरलं. रस्ताभर सोडलं न्हाई. एक ट्रक अंगावर आल्यासारखा झाला तवा तो म्हणला, “ताई, हॉर्न!” दीक्षा म्हणली, “त्यांना मी दिसते आहे ना.” सायब म्हणला, “दिसल्याचा काही उपयोग नसतो इकडे.” मला माणूस पटला.

परत नाक्यावर आलो तर गावाकडं वळायच्या ठिकाणी एक बाई हात करून उभी. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, उन्हानं डोळे बारीक केलेले. दीक्षा थांबली, मी “अगं चल, चल” म्हणेपर्यंत बाईनं दार उघडून पाय आत टाकला. बसली, पिशवी सावरली, माझ्याकडं बघितलं.

पेमा होती. मुंजाची बायको.

“अगं माय!” म्हणली. “मी उतरते.”

पण दीक्षाची गाडी चालू लागली की दारं आपोआप बंद होतात. पेमा कडी ओढून ओढून थकली.

“बस गप,” मी म्हणलं. “गाडी भाड्याची हाय, रस्ता सरकारचा हाय. तुझ्या नवऱ्यानं अजून हा नांगरला न्हाई.”

“तोंड बघा काकीचं! मी वाशीमहून माहेराहून येऊन राहिले, मला काय माहीत गाडी तुमची? पाटी काळी दिसली, बसले.”

“माहेराहून आली ना? मंग चांगलं खाऊन आली असशील. पुढचा हरभरा माझ्या वाटेवरचा खायचाय.”

“तुमच्या वाटेवरचा! कुठं लिहिलंय तुमची वाट?”

“तुझ्या लग्नाची वरात कुठून आली गं? तुला कोणत्या वाटेनं रानात नेली व्हती सासऱ्यानं, पहिल्या दिवशी पेरणीला? उडत नेली का?”

पुढं सायबानं मान जरा तिरपी केली. पेमानं ते बघितलं अन् पिशवीतून माहेरचे तिळाचे लाडू काढले. “घ्या काकी.” मी घेतला न्हाई. तिनं पुढं दीक्षाला दिला. दीक्षानं गाडी कडंला लावली, लाडू खाल्ला, बोटं पुसली, मंगच निघाली. चालवता चालवता खात न्हाई म्हणे.

रानाच्या तोंडाशी मुंजा पांढरा सदरा घालून उभा होता. संगं गावातली चार रिकामी माणसं, ती तर कुठंही असतात. गाडीतून आधी सायब उतरला, मंग मी, अन् माझ्यामागून त्याची बायको. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“तू काकीच्या गाडीत?”

“पाटी काळी व्हती!” पेमा वैतागून म्हणली.

वाटेचा तोंडाचा तेवढा तुकडा त्यानं ठेवला होता. दोन्हीकडं बोरी-बाभळीचं कुपाण, मधून गाडी जेमतेम जाईल एवढी जागा, अन् एका अंगाला त्यानं पाणी काढायला खणलेली चर. मी दीक्षाला गाडी आत घ्यायला लावली, थेट हरभऱ्याच्या कडंपर्यंत. पुढं सगळं हिरवं. हरभरा फुलावर आला होता.

सायब कागद काढून म्हणला, “गाडवाट कुठे आहे?”

“सायब, ती नव्हतीच,” मुंजा म्हणला. “धुऱ्यावरून पायवाट हाय, ती मी कधी अडवली न्हाई. काकीला जाऊ द्या की पायानं.”

“मी जाईन पायानं. हळदीला पाय फुटले का रे?”

मी सायबाला दाखवलं. हरभऱ्यात दोन पट्टे सरळ मागं गेले होते, तिथली रोपं खुरटी, पिवळी. खाली चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या दाबलेली जमीन, तिथं मूळ कसं धरंल? मुंजा म्हणला, तिथं बियाणं हलकं निघालं. रिकामी माणसं म्हणली, व्हय व्हय, औंदा बियाणंच हलकं व्हतं.

सायबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “काकू, मला जे डोळ्यांना दिसतं तेच लिहावं लागतं. इथे पीक दिसतंय. वाट दिसत नाही.”

एकदा त्यानं तसं लिहिलं की संपलं. मंग कोण येतंय परत बघायला, अन् कोणाच्या गाडीत? तोवर फाल्गुन येणार, हळदीचा पाला वाळून जमिनीवर पडणार, अन् मी धुऱ्यावर उभी राहून बघणार. मी ठरवलं. गाडीच्या काचेवर हात मारला.

“दीक्षा, गाडी घाल पुढं! ह्या पट्ट्यावरून नीट शेवटपर्यंत घाल. ओलं केलेलं काळं रान हाय. नुसतं पीक असंल तर चाक रुतंल. वाट असंल तर रुतणार न्हाई. सायबाला डोळ्यानं दिसंल.”

दीक्षा गाडीतून उतरली. हरभऱ्याकडं गेली. वाकून बघितलं. ते बारकं जांभळं फूल असतं ना, त्याला बोट लावलं.

“आजी, नाही.”

“काहून न्हाई?”

“हे कोणाचं तरी पीक आहे.”

“कोणाचं तरी न्हाई, मुंजाचं हाय!”

“म्हणूनच.”

माणसं हसली. माझी सख्खी नात, भरल्या लोकांत. मी म्हणलं, “तुला इथवर कशाला आणलं मी?”

“तुम्ही म्हणाल तिथे नेईन, आजी. ह्याच्यावरून नाही नेणार.” आवाज चढला न्हाई, डोळे खाली गेले न्हाईत. असं मला आजवर कोणी बोललं न्हाई. ह्यांनी बी न्हाई.

मुंजाच्या मिशीत हसू आलं. सायबानं पेनाचं टोपण लावलं. “चला ताई, मला परत सोडा.”

झालं. मी कुपाणाला टेकले. पोरगी गाडीत बसली, आता गाडी मागं घ्यायची. अन् तिला मागं घेता येईना. तिच्या गाडीत म्हणे मागचं सगळं पडद्यावर दिसतं, ह्या गाडीत पडदा न्हाई. तिथं ती डाव्या अंगाला बसून उजव्या खांद्यावरून मागं बघते, इथं सगळं उलटं. मान भलत्याच बाजूला वळवायची अन् गाडी हळूहळू चरीकडं जायची. परत पुढं, परत मागं, अन् वायपर सुरू.

आता आमच्याकडं एक खोड हाय. कोणाची गाडी मागं येताना दिसली की माणूस गप बसू शकत न्हाई. जेवत असंल तर ताटावरून उठंल, भांडत असंल तर भांडण ठेवंल, पण गाडीमागं जाऊन हात हलवणारच. ती रिकामी माणसं धावली. “येऊ द्या, येऊ द्या… येऊ द्या… डावं मारा!” दुसरा म्हणला, “उजवं, उजवं!” दीक्षा दोघांचं ऐकायची. मागचं चाक चरीच्या काठावर आलं, माती ढासळली.

“ए ए ए, थांब! थांब पोरी!” मुंजा ओरडला. सगळ्यांना ढकलून पुढं आला, काचेशी वाकला. “मागं नको येऊ. चर खोल हाय, गाडी उलटी व्हईल. हे बघ, पुढं घे. सरळ हरभऱ्यातून घे, भिऊ नको, खाली गाडवाट हाय, टणक हाय, रुतत न्हाई. त्या बाभळीपाशी वळायला जागा हाय मोठी. आमचा दादा बी तिथंच वळवायचा गाड्या. तिथून वळवून तोंड इकडं करून ये, म्हंजे…”

अन् थांबला.

दीक्षाची गाडी तेवढी घुरघुरत होती. पेमानं डोक्याला हात लावला. “घ्या,” म्हणली. “मला म्हणायचा, काकीसमोर तोंड उघडू नको!”

सायबानं टोपण काढलं. “कुठल्या बाभळीपाशी?”

“ते… पोरगी चरीत जाऊन राहिली व्हती म्हणून मी आपलं…”

“वळायला जागा आहे ना?”

मुंजानं मान खाजवली. दीक्षाकडं बघितलं. ती त्याला म्हणली, “काका, नको. तुमचं पीक मोडेल.”

“मोडू दे की गं, दोन तासं!” तो चिडून म्हणला. मंग सायबाकडं वळून, आवाज उतरवून म्हणला, “हाय जागा.”

मुंजाला मी उन्हाळ्यापासून काय काय बोलले, ते इथं सांगायजोगं न्हाई. पण एक खरं. वाटेसाठी तो सायबासमोर खोटं बोलला, पोरगी चरीत जाताना बघून मात्र त्याला खोटं सांभाळता आलं न्हाई. दादाचंच रक्त हाय.

सायब बूट सांभाळत त्या खुरट्या पट्ट्यावरून बाभळीपर्यंत गेला. एक काठी घेतली होती, ती टोचून टोचून बघितली. पट्ट्यात काठी जाईना, शेजारी बोटभर दाबली की आत. येऊन पंचनामा लिहायला लागला, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. म्हणला, “वाट होती असं दिसतं. मोकळी करावी लागेल, मुंजाजी.”

“आज,” मी म्हणलं. “आत्ता. मी ट्रॅक्टर बोलावते.”

“तर मी सही करत न्हाई!” मुंजा उसळला. “वर जातो. अपील करतो. फुलावर आलेलं पीक मोडून देऊ?”

“माझी वाट मोडताना दया आली व्हती का?”

“काकी, जीभ सांभाळा!”

“तू आधी नांगर सांभाळ!”

सायब म्हणला, अपील केलं तर त्याचा हक्क आहे, वेळ लागतो. मला ‘वेळ लागतो’ म्हंजे काय ते माहीत हाय. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वेळ लागता लागता जातात. तरी मी मागं सरणार नव्हते. मोडला हरभरा तर मोडला. मला मुंजाचा हरभरा मोडलेला बघायचा होता, खरं सांगते.

मधेच दीक्षा म्हणली, “काका, हा हरभरा कधी निघेल?”

“माघात.”

“आणि आजीची हळद?”

“त्याच्या मागून. फाल्गुनात.”

“मग हरभरा निघू द्या. नंतर वाट. आजीची टाकी जायच्या आधी.”

“तू गप!” मी म्हणलं. “तुला काय कळतं? आज आली, उद्या जाशील!”

गप झाली. पण बोलून झालं होतं. सायबानं मुंजाकडं बघितलं, मुंजानं हरभऱ्याकडं. पेमा त्याच्या दंडाला बोट टोचून म्हणली, “करा सही. का त्या पोरीनं गाडी चरीत घालायची वाट बघता?”

“लिहा सायब,” मुंजा म्हणला. “हरभरा काढला की वाट सोडतो. दादाच्या टायमाला व्हती तेवढीच रुंद. काकीला म्हणावं, टाकी आणा, मीच ओढून नेतो माझ्या ट्रॅक्टरनं.”

“तुझा ट्रॅक्टर मला नको,” मी म्हणलं.

त्यानं सही केली. मी बी केली. भागूबाई पुंजाजी, एवढं मला नीट लिहिता येतं. माझं नाव वर आलं अन् त्याचं खाली, ते मी बघून घेतलं.

गाडी मात्र अजून तिथंच. दीक्षा काही हरभऱ्यातून न्यायला तयार न्हाई. मुंजा स्वतः मागं उभा राहिला. “येऊ दे… येऊ दे… डावं. डावं! अगं तुझं डावं! बस, बस. सरळ कर.” त्यानं चरीच्या काठावर स्वतःचा पाय ठेवला होता, चाक आलं तर आधी पायावर येईल असा. इंच इंच करत गाडी रस्त्यावर आली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी न्हाई वाजवल्या.

सायबाला हिंगोलीला सोडून आलो. रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत बसले. पट्टा बी मीच लावला. रविंद्र ओट्यावर बसला होता, गावातून सगळं ऐकून झालं होतं त्याचं. “माय, जमलं म्हणे?” मी त्याच्याकडं बघितलं नुसतं, तो उठून गोठ्यात गेला.

दीक्षानं गाडीचं दार लावलं अन् माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आजी, रागावलात?”

मी चूळ भरली, तोंड पुसलं, ओट्यावर बसले, अन् तिला सांगितलं:

“व्हय, रागावले. भांडण माझं व्हतं. हरभरा मोडायचा का ठेवायचा हे मी ठरवणार व्हते. तू मधी बोललीस, ते बराबर केलं न्हाईस. हे पहिलं. दुसरं, तू बोलली नसतीस तर मुंजानं सही केली नसती अन् माझी हळद गेली असती, हे बी मला समजतं. मी काय खुळी न्हाई. पण म्हणून मी तुला शाबास म्हणणार न्हाई, ते तुझ्या बापाला फोन करून म्हणीन, तुला न्हाई. आता ऐक माझा निकाल. गाडी तुला धड चालवता येत न्हाई. आपल्या माणसासमोर बी न्हाई म्हणायचं, ते तुला येतं, अन् ते ह्या घरात माझ्याशिवाय कोणालाच आलं न्हाई. फाल्गुनात टाकी आत जाईल तवा तू इथं पायजेस. कॅनडाला काय सांगायचं ते सांग. जा, हातपाय धू, भाकरी टाकते.”